मिठाचा दाणा चौकोनी का?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमच्या शिक्षकी पेशातील एक चूक प्रथम कबूल करतो. एका विद्यार्थिनीने वर्गात भिंगातून मीठ पाहून विचारले, "गुरुजी, मिठाचे दाणे चौकोनीच का?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. तसे न सांगता, "हे परीक्षेत येत नाही, खाली बस," म्हणून आम्ही तिला गप्प केले. ती पुन्हा प्रश्न विचारावयास उठली नाही. निवृत्तीनंतर शोधलेले ते उत्तर आज आपणांपुढे ठेवतो.

1895 साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. मोडलेले हाड दाखविणारे ते हेच किरण. परंतु त्यांचे आणखी एक सूक्ष्म कार्य आहे. जाळ्याच्या भोकाहून लहान मासा जाळ्यात सापडत नाही. तद्वत साध्या प्रकाशाच्या लहरी अणूहून हजारो पटींनी मोठ्या असल्यामुळे अणू त्यांस सापडत नाही. क्ष-किरणांची लहर मात्र मिलिमीटरच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतकी, म्हणजे दोन अणूंमधील अंतराएवढीच असते. 1912 साली माक्स फॉन लौए यांच्या सूचनेवरून त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून हे किरण सोडले, तो काचेवर ठिपके उमटले. अणूंच्या रांगांवरून विखुरलेल्या लहरी काही दिशांना परस्परांस बळ देतात, इतरत्र परस्परांस मारतात. त्याचे ते ठिपके. त्यांची जागा व गडदपणा मोजून, गणिताने अणूंची मांडणी काढावयाची, ही ती विद्या. ब्रॅग पितापुत्रांनी 1913 साली मिठाचे कोडे उलगडले. बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे सोडियम व क्लोरीन तिन्ही दिशांना आळीपाळीने, काटकोनात बसलेले असतात. विटाच काटकोनात रचलेल्या, म्हणून दाणा चौकोनी!

या विद्येत डोरोथी हॉजकिन या विदुषीने अद्वितीय कार्य केले. तिच्या इंग्लंडमधील शाळेत रसायनशास्त्र मुलांसाठीच असे. तिला व आणखी एका मुलीला मुलांबरोबर बसण्याची परवानगी मिळाली. तारुण्यातच संधिवाताने तिचे हात पिडले, तरी काम थांबले नाही. 1945 साली तिने पेनिसिलीनची रचना सिद्ध केली. 1964 साली तिला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहावरील इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरणचित्र तिने 1935 साली घेतले. त्याची संपूर्ण रचना सहकाऱ्यांसह उलगडली ती 1969 साली. चौतीस वर्षे एका प्रश्नाची पाठ सोडली नाही!

त्या शाळेने एक दार किलकिले केले. आम्ही मात्र एक दार लावून घेतले. ती विद्यार्थिनी आज कोठे असेल, आम्हांस ठाऊक नाही. म्हणून आपणांस हात जोडून एकच विनंती: घरातील मुलीने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू," एवढे म्हणावे. तेवढे म्हणण्याचे धैर्य त्या दिवशी आम्हांस झाले नाही.