परभाषेचें व्याकरण आणि मनाची भीति

१९४८ पूर्वीं बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि सरकारी माध्यमिक शाळांतून शिक्षणाचें माध्यम उर्दू असे. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास त्या भाषेचें व्याकरण जड जाई. पण दोष सर्वस्वीं व्याकरणाचा नव्हता.

एकच उदाहरण घेऊं. अंबेजोगाईच्या, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादच्या, बाजारांत हा मुलगा दखनी ढंगानें 'मैं रोटी खाया' असें बेधडक बोले. दुकानदारहि तसेंच बोले; हसे कोण? शाळेंत मात्र तेंच वाक्य चूक ठरे. तेथें 'मैंने रोटी खाई' असेंच हवें. गोवळकोंडें व विजापूर येथील दरबारांत ह्याच दखनींत काव्यें झालीं होतीं, हें त्या बिचाऱ्यास कोण सांगणार!

वस्तुतः हा नियम मराठी मुलास परका नाहीं. 'मी पोळी खाल्ली' ह्यांतहि क्रियापद पोळीच्याच लिंगाप्रमाणें चालतें. 'रामानें' म्हणतांना 'ने' लागतो, 'मी'ला लागत नाहीं, एवढाच काय तो भेद. शांत चित्तानें पांच मिनिटांत उमजावी अशी गोष्ट. पण एकदां वर्ग हसला, कीं नियम पाठ असूनहि जीभ अडखळे. मग मुलगा भूतकाळच टाळी आणि 'खाता हूँ' वर वेळ निभावून नेई. त्यांतून भाषा आपल्यावर लादलेली आहे अशी अढी मनांत असली, तर चूक सुधारून घेण्याचीहि इच्छा उरत नसे.

आतां तेथें उर्दूची सक्ती नाहीं. पण इंग्रजीच्या तासाला कोणी 'शी गो' म्हणतो, वर्ग खिदळतो, आणि पुढचें वाक्य त्या मुलाच्या ओठांवरच राहतें.