काढणीचा दिवस कोणी ठरवायचा?

(जिल्हा मेळाव्यात द्राक्ष बागायतदारांपुढे झालेले भाषण)



द्राक्षबागेच्या वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. ऑक्टोबरची सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, कारण तिच्यामागून घड दिसतो. पण घडाचा जन्म ऑक्टोबरात होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात घड धरणार की नुसती बाळी, हे ठरून जातं. त्या दिवसांत काडीला स्वच्छ उजेड लागतो.

आता हिशेब मांडा. 10 एप्रिलला छाटणी झाली, तर हे दिवस येतात 20 मे ते 9 जून. ऊन भरपूर. तीच छाटणी 10 मेला झाली, तर हे दिवस 19 जून ते 9 जुलै. आभाळ भरलेलं. डोळ्यात घड कमी, बाळ्या जास्त. मग फळछाटणीनंतर खतं, औषधं ओतून काय उपयोग? जो घड डोळ्यातच नाही, तो बाहेर कुठून येणार?

खरड छाटणी लांबते कशामुळं? बहुतेक वेळा काढणी लांबते म्हणून. माल उतरल्यावर वेलीला पंधरा-वीस दिवस तरी विश्रांती द्यावी लागते. इकडं मार्चमध्ये घड तयार असतो आणि व्यापारी म्हणतो, ‘आठ दिवस थांबा, बाजार पडलाय.’ आठाचे पंधरा होतात. मणी मऊ पडतो, देठ सुकतो, मणीगळ सुरू होते. मग तोच म्हणतो, ‘माल उतरलाय, भाव कमी करा.’ आपण यंदाचा भाव गेला म्हणून हळहळतो. पुढच्या वर्षाचे घडही त्याच दिवसांत गेले, हे ध्यानात येत नाही.

आंबा काढून अढीत घालता येतो, केळी उतरवून पिकवता येतात. द्राक्ष वेलीवरून तुटलं की त्याची गोडी तिथंच थांबते. म्हणून घाईही चालत नाही आणि उशीरही. या कोंडीचा फायदा कोण घेतं, ते तुम्हाला माहीत आहे.

यावर उपाय काय? फळछाटणीची तारीख वहीत लिहा. जातीप्रमाणं साधारण 120 ते 140 दिवसांनी माल तयार होतो. म्हणजे काढणीचा आठवडा आपल्याला आधीच कळतो. पंधरा दिवस अगोदर चार व्यापाऱ्यांना बाग दाखवा. गोडी स्वतः मोजा. बागेच्या निरनिराळ्या वेलींचे, घडाच्या वरचे आणि टोकाचे मणी घ्या. 18 ब्रिक्सच्या आसपास गोडी आली की त्याचा अंदाज नको, तुमचं माप बोलू द्या.

फवारणीची वहीही ठेवा. 2010 साली काडीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॉटचा अंश आपल्या द्राक्षांत सापडला आणि युरोपात गेलेला माल अडकला. कोणतं औषध, किती, कधी आणि काढणीआधी किती दिवस बंद, हे लिहिलेलं नसेल तर आपली बाजू मांडणार कशी?

सौदा तोंडी नको. इसार, भाव आणि तोडणीची तारीख कागदावर घ्या. तारीख टळली तर इसार बुडाला आणि माल मोकळा, हेही त्यात लिहा. गाडी बांधावरून हलायच्या आधी पैसे हातात. माल नेऊन पसार झालेल्यांच्या मागं फिरणारे बागायतदार जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

आणि दुसरी वाट तयार ठेवा. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, गिऱ्हाईक आलं नाही, तेव्हा ज्यांना जमलं त्यांनी माल बेदाण्याकडं वळवला. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्याला गोडी जास्त लागते, शेड लागते, खर्च आहे. पण बेदाणा टिकतो. दहा जणांनी मिळून शेडची सोय केली, तर ‘थांबा’ म्हणणाऱ्याला ‘आम्ही थांबत नाही’ असं सांगता येतं.

एकट्यानं सांगितलं तर व्यापारी पुढच्या बागेत जातो. म्हणून ऑक्टोबरच्या आधी गावात बैठक घ्या. कोणाची छाटणी कधी, माल कधी तयार होणार, याची यादी चावडीवर लावा. तोडणीच्या तारखेबद्दल सगळ्यांचा शब्द एक ठेवा. पुढच्या मेळाव्याला येताना ती यादी बरोबर आणा.