शिडाच्या होडीचें यंत्र : दोष ओळखण्याचा क्रम



धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त होडीच्या यंत्राविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. विषय कांहींसा तेलकट खरा. परंतु समुद्रावर जाणाऱ्याचा जीव पुष्कळदां बोटाएवढ्या लोखंडाच्या तुकड्यावर अवलंबून असतो, हें किनाऱ्यावरील घरांस सांगावयास नको.

शिडाच्या होडींत वारा आहे तोंवर यंत्राची कोणास आठवण होत नाहीं. वारा पडतो, ओहोटी खडकाकडे ओढूं लागते, तेव्हां मात्र तोच एक आधार उरतो. एका सायंकाळीं हा प्रसंग आमच्यावर आला. यंत्र सुरू होतें. गिअर टाकला, आवाज वाढला, पण होडी जागची हलेना. नांगर टाकून आम्हीं रात्र काढली. दुसऱ्या दिवशीं ‘गिअरबॉक्स गेला’ असें एका कारागिरानें सांगितलें आणि आम्हीं तो खोलविला. पंधरा दिवस व बरीच रक्कम खर्चीं पडल्यावर कळलें कीं, गिअरबॉक्स निर्दोष होता. त्याच्याकडे जाणारी गिअरची तार आंत गंजून अडकली होती.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, महाग भागावर संशय शेवटीं घ्यावा. यंत्र, गिअरबॉक्स, कपलिंग, शाफ्ट आणि पंखा, या वाटेनें शक्ति जाते. ती कोठें थांबते तें पाहावें. होडी धक्क्यास घट्ट बांधावी. एकानें गिअर टाकावा, दुसऱ्यानें विजेरी घेऊन दुरून पाहावें. फिरत्या शाफ्टजवळ हात किंवा कपडा नेऊं नये; स्पर्श करण्यापूर्वीं यंत्र बंद करून किल्ली खिशांत ठेवावी.

गिअरबॉक्सवरील लहान दांडी शेवटपर्यंत सरकत नसेल, तर दोष तारेंत आहे. ती पुरती सरकूनही कपलिंग फिरत नसेल, तर तेल पाहावें. तेल काळें पडून जळका वास येत असेल, तर क्लच घसरत असावा. तेल दुधासारखें झालें असेल, तर त्यांत पाणी शिरलें आहे. असा गिअरबॉक्स चालवूं नये.

कपलिंग फिरतें पण शाफ्ट फिरत नाहीं, तर त्यांतील चावी तुटली किंवा पकड सुटली. येथें मोठा धोका आहे. रिव्हर्स टाकतांच पंखा शाफ्टला मागें ओढतो. तो निसटून बाहेर गेला तर त्याच भोंकांतून समुद्र आंत येतो. शाफ्ट फिरूनही होडी हलत नसेल, तर दोष पाण्याखालीं आहे : पंखा गळून पडला असेल, त्याची चावी तुटली असेल, किंवा तो शिंपल्यांनीं भरला असेल.

कंपाचीही भाषा असते. तो अकस्मात् सुरू झाला तर पंख्यांत दोरी वा जाळें अडकलें असावें. हळूहळू वाढला तर मागील बेअरिंग झिजलें, शाफ्ट वांकला, किंवा यंत्र आपल्या रेषेवरून सरकलें असावें. रेषा पाहण्यासाठीं कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही तोंडांमधील फट चारी बाजूंनीं मोजावी. चार इंची कपलिंगास फरक ०.००४ इंचाहून, म्हणजे सुमारें ०.१ मिलिमीटरहून, अधिक नसावा. हें माप होडी पाण्यांत तरंगत असतांनाच घ्यावें. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचा आकार किंचित् बदलतो. बेअरिंगची झीज मात्र होडी कोरड्यावर असतांना, शाफ्ट हातानें हलवून पाहावी.

शाफ्ट जेथून बाहेर जातो तेथें दोरीचें पॅकिंग असल्यास, तो फिरत असतां मिनिटास दोनचार थेंब गळणें हेंच योग्य. गळती साफ थांबावी म्हणून नट आवळीत गेल्यास पॅकिंग तापतें व शाफ्टवर चर पडतो.

मित्रहो, पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हां पाण्याखालचा भाग पाहावा. पाण्यांत उतरल्यावर होडीचा आकार पुरता बसूं द्यावा, आणि मगच रेषा मोजावी. त्या रात्रीं आमचा नांगर धरला म्हणून आज आम्हीं आपल्यापुढें उभे आहोंत. प्रत्येक वेळीं नांगर धरेलच, असा भरंवसा कोणीं ठेवूं नये.