हप्ता माझा, घर कोणाचं?
(बचतगटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

मघाशी मी विचारलं, घरासाठी कर्ज कोणाकोणाच्या घरी आहे? बरेच हात वर आले. मग विचारलं, घराच्या करारनाम्यावर तुमचं नाव आहे का? निम्मे हात खाली गेले. काहीजणी शेजारणीकडे बघायला लागल्या. कागद कधी पाहिलाच नव्हता. या खाली गेलेल्या हातांबद्दलच आज बोलायचं आहे.

आमच्या सल्ला केंद्रात एक ताई आल्या. नर्सची नोकरी. अकरा वर्षं घराचा हप्ता त्यांच्या पगारातून जात होता. एके दिवशी नवऱ्यानं घराबाहेर काढलं. ताई म्हणाल्या, "घर माझंही आहे, मी बँकेत सह्या केल्यात." कागद मिळवले. सह्या होत्या, पण सहकर्जदार म्हणून. करारनामा एकट्या नवऱ्याच्या नावावर. म्हणजे कर्ज दोघांचं आणि घर एकट्याचं! हप्ता थकला तर नोटीस मात्र ताईंनाही येणार.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा अशा वेळी उपयोगी पडतो. घर कोणाच्याही नावावर असो, बाईला सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. त्या आधारावर ताई घरात परत गेल्या. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. भरलेल्या पैशांसाठी वेगळा दावा लावावा लागला. त्यात त्यांना आधार आहे तो पासबुकातल्या नोंदींचा. हप्ता रोखीनं नवऱ्याच्या हातात दिला असता तर तोही पुरावा राहिला नसता.

म्हणून पहिली गोष्ट. कर्जाचे कागद वेगळे आणि मालकीचे कागद वेगळे. बँकेत सही करण्यापूर्वी करारनामा मागा. खरेदीदार म्हणून तुमचं नाव त्यात आहे ना, ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टूची प्रत आपल्याजवळ ठेवा. "नाव काय, नंतर घालू," असं कोणी म्हणालं तर सहीसुद्धा नंतर करा. खरेदी आधीच झाली असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्रानं पत्नीला हिस्सा देता येतो. पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची परवानगी घ्यावी लागते.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर २०२१ पासून आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. पुरुषाचं नाव जोडलं की ही सवलत जाते. अशी घरं पंधरा वर्षं पुरुषाला विकायची नाहीत, अशी अट होती. ती २०२३ मध्ये काढली. आता काही घरांत सवलतीपुरतं बाईचं नाव लावतात आणि लगेच तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतात. त्यावर सही करू नका. नाव लागलं की घर तुमचं आहे, ते विकायचं तर तुमची सही हवी.

नवीन इमारतीत घर घेताना प्रकल्पाचा महारेरा क्रमांक बघा. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. वीसच काय, अकरा मागितले तरी नाही म्हणा.

आता हिशेब. भिशीचा, किराणाचा हिशेब आपण पैशापैशाचा ठेवतो, मग कर्जाचा का नको? समजा, वीस लाख कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता साधारण अठरा हजार. पहिल्या हप्त्यातले पंधरा हजार नुसत्या व्याजात जातात. वीस वर्षांत एकूण त्रेचाळीस लाखांच्या वर भरणा होतो. तेच कर्ज पंधरा वर्षांचं घेतलं तर हप्ता सुमारे तेवीसशेनं वाढतो, पण साडेसहा लाखांहून जास्त रक्कम वाचते. बोनस मिळाला, भिशी लागली, तर मुद्दलात भरा. व्याजदर बदलता असेल तर राहत्या घराच्या कर्जावर लवकर फेडीचा दंड लावता येत नाही.

आणि हप्ता थकलाच तर लपवू नका. बँकेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा, पोच घ्या. नव्वद दिवस थकबाकी राहिली की कर्ज बुडीत धरलं जाऊ लागतं. त्यानंतर घर ताब्यात घेण्यापूर्वी बँकेला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते साठ दिवस रडण्यात घालवायचे नाहीत. लेखी हरकत द्या, वकील गाठा.

शेवटचा हप्ता भरला की मूळ कागद परत मागा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे ते तीस दिवसांत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. आणि मृत्युपत्र करा. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असं नाही. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं कमावलेलं घरसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईकडे नाही!

त्या ताईंना मी विचारलं होतं, इतकी वर्षं कागद का नाही पाहिला? त्या म्हणाल्या, "पाहायला मागितला असता तर विश्वास नाही असं वाटलं असतं." मैत्रिणींनो, कागद मागणं हा अविश्वास नाही. ज्या घराचा हप्ता आपण भरतो, त्याचा कागद बघण्याचा आपला हक्क आहे. आज घरी गेल्यावर कपाटातली ती फाईल काढा. पुढच्या बैठकीत मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे.