जनरल क्ले आणि गावची निवडणूक

शहर पडलं की लष्कराचं काम संपलं, असं आपण धरून चालतो. पण दुसऱ्या दिवशी नळाला पाणी कोण सोडणार? रेशनकार्डं कोण वाटणार, मेलेल्यांची नोंद कोण करणार? रणगाड्यांमागून आलेल्या मेजरला धड गावची भाषाही येत नसते. मग तो गावातलाच कुणी गाठतो आणि खुर्चीत बसवतो.

जर्मनीत हे नीट दिसतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये आखेन पडलं. मित्रराष्ट्रांच्या हाती आलेलं हे पहिलं मोठं जर्मन शहर. अमेरिकनांनी फ्रान्झ ओपेनहॉफ या वकिलाला तिथला महापौर नेमलं. मार्च १९४५ मध्ये नाझी मारेकऱ्यांनी त्याला त्याच्या घरापाशीच गोळी घातली. कोलोनची तऱ्हा वेगळी. तिथे अमेरिकनांनी जुने महापौर कोनराड आडेनाउअर यांना परत आणलं. पुढे शहर ब्रिटिशांकडे गेलं. शहराभोवतीच्या हरितपट्ट्यातली झाडं सरपणासाठी तोडायला आडेनाउअर राजी नव्हते. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिश ब्रिगेडियर बॅराक्लफने त्यांना कामात कुचराई केल्याचा ठपका ठेवून काढून टाकलं, वर राजकारण करायचं नाही अशी ताकीद दिली. चार वर्षांत हाच माणूस पश्चिम जर्मनीचा चान्सलर झाला! नेमणूक आणि बडतर्फी दोन्ही साहेबाच्या मर्जीवर असतील, तर त्या खुर्चीला गावात वजन कसलं?

हे ज्याने ओळखलं तो अमेरिकन जनरल लुशस क्ले. जर्मनीच्या अमेरिकन ताब्यातल्या भागाचा कारभार तो पाहत होता. पेशाने लष्करी इंजिनिअर. अख्ख्या महायुद्धात त्याने आघाडीवर एकही तुकडी लढवली नव्हती. त्याने १९४५ च्या शरदातच ठरवलं, की वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांत जानेवारी १९४६ मध्ये मतदान घ्यायचं. जेम्स पोलॉक हे मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक त्याचे सल्लागार होते. त्यांना ही घाई वाटली, आणि पुस्तकी हिशोबाने ते बरोबरच होते. लोक उपाशी, घरं पडलेली, बारा वर्षांत खरी निवडणूक झालेली नाही. क्ले बधला नाही. ऐन थंडीत ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदान झालं. एप्रिलमध्ये जिल्हे, मेमध्ये मोठी शहरं, वर्षअखेरीला राज्यांच्या विधानसभा, अशी ही शिडी खालून वर उभी राहिली.

यात निव्वळ लोकशाहीप्रेम होतं असं मी म्हणणार नाही. सैनिकांना घरी जायची घाई होती, आणि गावोगावी कारभार पाहायला अधिकारी उरणार नव्हते. आपल्याकडे हैदराबाद संस्थानात १९४८ नंतर मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी लष्करी गव्हर्नर होते, पण त्यांच्या हाताशी आपलेच सनदी अधिकारी होते. क्लेजवळ ती सोय नव्हती.

कारभार जर्मनांच्या हाती सोपवण्याच्या या घाईची किंमतही मोजावी लागली. मार्च १९४६ च्या कायद्याने नाझींची छाननी जर्मन न्यायमंडळांकडे गेली. तिथे शेजारी शेजाऱ्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला देऊ लागला. बडी धेंडं किरकोळ दंडावर सुटली, पुष्कळ जण आपल्या जुन्या कचेऱ्यांत रुजू झाले. नोव्हेंबरात श्टुटगार्टला क्लेने जर्मन राज्यप्रमुखांना यावरून खडसावलं, काम परत घेण्याची धमकीही दिली. ते त्याने परत घेतलं मात्र नाही.