यंत्र नवें, परवाना कोणाचा?

एके काळीं आपल्या देशांत घरीं रेडिओ ठेवावयाचा म्हणजे पोस्टांत पैसे भरून त्याचा परवाना काढावा लागे. यंत्र रोख रक्कम मोजून विकत घेतलेलें असलें तरी तें वाजविण्याची मुभा सरकारची असे. १९८० नंतरच्या दशकांत ती पद्धत बंद पडली, आणि स्वतःच्या घरांतील वस्तु वापरण्यास दुसऱ्याची अनुज्ञा लागते ही कल्पनाच पुष्कळांच्या स्मरणांतून गेली. आज तीच कल्पना कॉम्प्युटरच्या रूपानें पुन्हां घरांत आली आहे. परंतु ती आली आहे हें बहुतेकांना यंत्र बिघडल्यावरच कळतें.

अरुणावतीच्या कांठीं वसलेल्या शिरपूर गांवांतील एखाद्या करसल्लागाराची कल्पना करावी. त्याच्या कचेरींत दोन कॉम्प्युटर शेजारीं शेजारीं मांडलेले आहेत. पहिला एका मोठ्या कंपनीचा, पेटींतून सिद्ध होऊन आलेला; दुसरा गांवांतल्याच कारागिराकडून सुटे भाग जोडवून घेतलेला, आणि त्यासाठीं विंडोजची स्वतंत्र प्रत दुकानांतून पूर्ण किमतीस विकत घेतलेली. वैशाखांत विजेचा दाब खालींवर होतो आणि दोन्ही यंत्रांचे मदरबोर्ड जळतात. विवरणपत्रें भरण्याची मुदत जवळ आलेली असते. कारागीर दोन्ही यंत्रांत नवे मदरबोर्ड बसवितो. यंत्रें सुरू होतात. परंतु दोन्हीवर एकच सूचना उमटते कीं, विंडोजचा परवाना ओळखतां आला नाहीं. थोड्या खटपटीनंतर दुसरें यंत्र पूर्ववत् चालूं लागतें. पहिलें मात्र ऐकत नाहीं. दोन्हीकडे विंडोज तेंच, मालक तोच, पैसेहि दोहोंचे दिलेले. मग हा भेद कां?

या प्रश्नाचें उत्तर यंत्रांत नसून करारांत आहे. कॉम्प्युटरच्या अवयवांकडून काम करवून घेणारा जो मूळ कार्यक्रम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तो गिऱ्हाइकाला विकला जात नाहीं. त्याच्या उपयोगाची परवानगी तेवढी दिली जाते. ग्रंथ विकत घेणाऱ्याला ग्रंथाची प्रत मिळते, ग्रंथकाराचा हक्क मिळत नाहीं, तशांतलाच हा प्रकार होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २ मार्च २०२१ रोजीं आयकरासंबंधींच्या एका निर्णयांत हाच भेद स्पष्ट केला आहे.

ही परवानगी मुख्यत्वें तीन प्रकारची असते. त्यांतील फरक ध्यानांत येण्यास धुळें जिल्ह्यांतील जुन्या फडपद्धतीचा दृष्टांत सोईचा पडेल. पांझरेवरील बंधाऱ्यांतून पाट काढून गांवकरी कित्येक पिढ्या आपसांत पाणी वांटून घेत आले. त्या व्यवस्थेंत पाण्याचा वांटा फडांतील जमिनीशीं निगडित असे. फडांतील शेत विकून दुसरीकडे शेत घेणाऱ्याला ‘माझें पाणी माझ्याबरोबर न्या’ असें पाटकऱ्यास सांगतां येत नसे. पाणी शेताचें होतें. शेतकरी तें शेताच्या नात्यानें घेत होता.

कारखान्यांतूनच विंडोज घालून येणाऱ्या कॉम्प्युटरचा परवाना असाच असतो. व्यवहारांत त्याला ओईएम परवाना म्हणतात. तो स्वस्त असतो, याचें कारणच हें कीं तो त्या एका यंत्राशीं जन्माचा बांधलेला आहे. यंत्र म्हणजे काय, याचें उत्तर मायक्रोसॉफ्ट कंपनी ‘मदरबोर्ड’ असें देते. रॅम वाढवावी, डिस्क बदलावी, पडदा नवा घ्यावा. परवान्यास धक्का लागत नाहीं. मदरबोर्ड बदलला कीं तें नवें यंत्र ठरतें. मात्र सदोष मदरबोर्डाच्या जागीं यंत्र बनविणाऱ्या कंपनीनेंच हमीच्या मुदतींत तसाच दुसरा बसवून दिला, तर परवाना कायम राहतो. दुसरा प्रकार रिटेल परवान्याचा. तो महाग असतो, पण तो यंत्राचा नसून घेणाऱ्याचा असतो. जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेतां येतो. अट एवढीच कीं एका वेळीं एकाच यंत्रावर तो चालावा. तिसरा प्रकार संस्थांना घाऊक मिळणाऱ्या परवान्याचा. महाविद्यालयानें वा कचेरीनें दिलेलें विंडोज हें त्या संस्थेचें असतें. घरच्या यंत्रासाठीं त्यावर हक्क सांगतां येत नाहीं.

आतां यंत्र बदललें हें कंपनीला कळतें कसें? २००१ सालीं विंडोज एक्सपीबरोबर ‘ॲक्टिव्हेशन’ नांवाची व्यवस्था घरोघर पोंचली. विंडोज यंत्राच्या निरनिराळ्या भागांच्या खुणा एकत्र करून त्या यंत्राचा जणूं अंगठ्याचा ठसा तयार करतें आणि तो कंपनीकडे नोंदवितें. एखाददुसरा भाग बदलला तर ठसा जुळतो. मदरबोर्ड बदलला कीं जुळत नाहीं. २०१२ मध्यें आलेल्या विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत परवान्याची कळ मदरबोर्डावरील स्मृतींतच कोरलेली असते. पूर्वीं ती पेटीच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर असे. म्हणजे बोर्ड जळाला कीं कळहि त्याबरोबर गेली.

सुदैवानें आपला परवाना कोणत्या जातीचा आहे हें मिनिटभरांत पाहतां येतें. विंडोजच्या आज्ञाखिडकींत ‘एसएलएमजीआर’ हीं अक्षरें रोमन लिपींत लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ व ‘डीएलआय’ हीं अक्षरें लिहिलीं असतां जी चौकट उघडते तींत ‘ओईएम’, ‘रिटेल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ यांपैकीं एक शब्द आढळतो. रिटेल असल्यास यंत्र धड चालत असतांनाच कळ व पावती जपून ठेवावी आणि परवाना आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याशीं जोडून घ्यावा. ही सोय २०१६ पासून आहे. पुढें मदरबोर्ड बदलल्यावर त्याच खात्यानें प्रवेश करून, ॲक्टिव्हेशनच्या पानावरील दुरुस्तीच्या सोईंत ‘यंत्राचे भाग नुकतेच बदलले’ असें सांगितलें, म्हणजे परवाना पुन्हां लागू होतो. मात्र होम आवृत्तीचा परवाना प्रो आवृत्तीस चालत नाहीं. जुनें यंत्र दुसऱ्यास द्यावयाचें असेल तर त्यावरील कळ आधीं काढून टाकावी. करसल्लागाराचें दुसरें यंत्र वाचलें तें याच मार्गानें.

हा विषय आतांच निकडीचा होण्याचें कारण असें कीं, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. त्यावर चालणारीं यंत्रें त्या दिवशीं बंद पडलीं नाहींत; परंतु संरक्षणाच्या दुरुस्त्या नेहमींच्या मार्गानें मिळणें थांबलें. विंडोज १० चा खरा परवाना त्याच यंत्रावर विंडोज ११ साठीं विनामूल्य चालतो. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व अलीकडचा प्रोसेसर लागतो, आणि जुन्या यंत्रांत तीं नसतात. म्हणून लोक मदरबोर्ड व प्रोसेसर बदलण्याचा विचार करतात. परवाना ओईएम असल्यास या दुरुस्तीच्या खर्चांत नव्या परवान्याची किंमत मिळवूनच बेरीज करावी. कित्येकदां असें दिसून येईल कीं, दुरुस्तीपेक्षां नवें तयार यंत्र घेणेंच सोईचें.

याच ठिकाणीं मोहाची एक पायवाट फुटते. कवडीमोल किमतीस विंडोजची कळ देऊं करणारे बाजारांत पुष्कळ आहेत. अशा कळा बहुधा कोणत्या तरी संस्थेच्या घाऊक परवान्यांतून बाहेर आलेल्या असतात. आज चालतात, उद्यां कंपनी त्या रद्द करूं शकते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें कॉम्प्युटरचे कार्यक्रम समाविष्ट झाले. त्याच्या ६३-ब कलमाप्रमाणें बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे; वापर नफ्यासाठीं वा धंद्यासाठीं नसेल तर कैद न देतां पन्नास हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. दुसऱ्याचे कर प्रामाणिकपणें भरून देणाऱ्यानें स्वतःच्या मेजावर चोरीची कळ ठेवावी, यांतील विसंगति कायद्यावांचूनहि समजण्यासारखी आहे.

परंतु गिऱ्हाइकाची बाजू अगदींच दुबळी आहे असें नाहीं. युरोपच्या न्यायालयानें ३ जुलै २०१२ रोजीं युज्डसॉफ्ट व ओरॅकल यांच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, कायमचा परवाना एकदां मोबदला घेऊन दिला म्हणजे पुढें तो विकण्यास कंपनी हरकत घेऊं शकत नाहीं. विकणाऱ्यानें आपली प्रत मात्र निरुपयोगी केली पाहिजे. तो निर्णय युरोपांतील आहे. आपल्याकडील व्यवहारांत करारांतील शब्द पाहूनच चालणें शहाणपणाचें.

ज्यांना हें बंधनच नको, त्यांच्यासाठीं लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. १९९१ पासून वाढत गेलेल्या या पद्धतीचा परवाना कोणत्याहि मदरबोर्डाशीं बांधलेला नसतो. प्रत दहा यंत्रांवर घालावी, शेजाऱ्यास द्यावी, तरी तो वचनभंग होत नाहीं. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ या नांवानें तिची भारतीय भाषांस अनुकूल अशी आवृत्ति काढली आहे. मात्र हिशेबाचे जे कार्यक्रम केवळ विंडोजवर चालतात ते वापरणाऱ्यांनीं आधीं चांचणी घेऊनच हा मार्ग धरावा.

शिरपूरच्या त्या करसल्लागाराला पहिल्या यंत्रासाठीं शेवटीं नवा परवाना घ्यावा लागेल, आणि त्यांत त्याच्यावर अन्याय झाला असेंहि म्हणतां येणार नाहीं. स्वस्त पाण्याबरोबर शेताचें बंधन त्यानें पहिल्याच दिवशीं पत्करलें होतें. वाईट एवढेंच कीं तें त्याला कोणी सांगितलें नव्हतें, आणि त्यानेंहि विचारलें नव्हतें. शेत घेतांना सातबारा पाहणारा मनुष्य कॉम्प्युटर घेतांना मात्र नुसत्या किमतीवर नजर ठेवतो. दुकानाच्या पायरीवरच ‘हा परवाना यंत्राचा कीं माझा?’ एवढा एक प्रश्न विचारून त्याचें उत्तर पावतीवर लिहून घेतलें, तर पुढचा पुष्कळ खर्च आणि मनस्ताप वांचेल.