वाऱ्याची मोट

अशक्यप्राय उद्योगाला आपण ‘वाऱ्याची मोट बांधणे’ म्हणतो. परंतु आज ही मोट बांधली जाते आणि मोजून विकलीही जाते. हजिऱ्याहून विजयपूर-जगदीशपूरकडे जाणाऱ्या नळातील नैसर्गिक वायू, किंवा मुंबईतील रिक्षाच्या टाकीत वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरलेला वायू, ही तिचीच रूपे होत. प्रश्न एवढाच की, घेणाऱ्याच्या पदरात नेमके किती पडले, हे ठरवावे कसे?

नुसते आकारमान सांगून येथे भागत नाही. त्या आकारमानात द्रव्य किती, म्हणजेच वायूची घनता किती, हे कळले पाहिजे. तापमान कायम असता दाब दुप्पट केल्यास आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉईलचा १६६२ मधील नियम आपण शाळेत शिकतो. तो अल्प दाबापुरता खरा ठरतो. दाब वाढला की रेणू निकट येऊन परस्परांना ओढतात, आणि अतिनिकट आले म्हणजे दूर लोटतात. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांनी १८७३ मध्ये रेणूंची ही ओढ आणि त्यांनी व्यापलेली जागा, दोन्ही एका समीकरणात गोवली. हा फरक क्षुल्लक नव्हे. रिक्षाच्या त्या टाकीत बॉईलच्या हिशेबाने जेवढा मिथेन मावावा, त्याहून सुमारे एक पंचमांश अधिक मावतो.

त्यातून नैसर्गिक वायू हे मिश्रण. मिथेनबरोबर त्यात इथेन, प्रोपेन, नत्रवायू, कार्बन डायऑक्साइड असतात. घरातील प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक असला, म्हणून एकत्र कुटुंबाचा कारभार कळतोच असे नाही. तसेच येथेही, भिन्न रेणूंचे परस्परांशी वागणे प्रयोगानेच पाहावे लागते.

या प्रयोगाचे तत्त्व आर्किमिडीजचे आहे. भक्कम पात्रात दाबाखालील वायू भरावयाचा, त्यात ज्ञात आकारमानाचे वजन तोलावयाचे. वजनात जी घट येते, ती बाजूस सारलेल्या वायूच्या वजनाइतकी. पात्र बंद, तराजू बाहेर. दोहोंमधील दुवा केवळ चुंबकाचा! जर्मनीतील बोखुमच्या विद्यापीठात हे तंत्र विशेष विकसित झाले. अशा असंख्य मापनांवरून तेथेच सिद्ध झालेले ‘जीईआरजी-२००८’ हे समीकरण २१ घटकांच्या मिश्रणांची घनता, नेहमीच्या व्यवहारातील दाब-तापमानांत, सुमारे ०.१ टक्क्याच्या आत सांगते.

एवढी काटेकोर दृष्टी कशासाठी? नळात छिद्राची चकती बसवून वायू मोजतात, तेथे घनतेत १ टक्का चूक झाली तर वस्तुमानात सुमारे अर्धा टक्का चूक होते. ती एका पक्षाच्या पदरात रोज निमूटपणे पडत राहते. धान्याचे माप ग्राहक डोळ्यांनी पारखतो. म्हणून शासन वजनांवर मोहोर उमटवते, तरी त्याची नजर जागी असतेच. अदृश्य मालाच्या बाबतीत ती नजर निरुपयोगी ठरते. तेथे ग्राहकाच्या वतीने पहारा करतो तो हा चुंबकाला टांगलेला तराजू, आणि त्याच्या आधाराने मांडलेले गणित.